एकटा, एकाकी, एकांत

वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता मी वर्गात कित्येक वर्षे शिकवली. तिच्या पहिल्याच ओळीतल्या ‘लोन्ली’ या शब्दापुढे फळ्यावर ‘एकटा’ असे लिहिले की माझे काम संपत असे.

पुढे कवीच्या बहिणीची, डोरोथीची, रोजनिशी वाचनात आली आणि मी चपापलो. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती फुले दिसली, तेव्हा ही बहीण भावासोबतच चालत होती! १८०७ साली छापलेल्या कवितेत मात्र तिचा मागमूस नाही. मग कवी खोटे बोलला काय?

मला तसे वाटत नाही. चूक माझ्या फळ्यावर होती. इंग्रजीतला ‘अलोन’ हा डोकी मोजणारा शब्द. त्याचे पहिले अक्षर गळून ‘लोन’ झाला आणि त्यातून ‘लोन्ली’ निघाला. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये त्यात अजून मोजदादच अधिक आहे, पुढे पुढे तो मनाची अवस्था सांगू लागला. आपल्याकडेही ‘एकटा’ ही संख्या आहे, ‘एकाकी’ ही व्यथा आहे, ‘एकलकोंडा’ हा तर चक्क ठपका आहे. आणि ‘एकांत’? तो माणूस आपण होऊन शोधतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, ते एकाकी होते म्हणून नव्हे.

ही कविता ‘लोन्ली’पासून निघते आणि कोचावर पडल्या पडल्या एकांताच्या सुखापाशी येऊन थांबते. तिचे सारे मर्म या वाटचालीत आहे. गंमत अशी की, त्या सुखाचे वर्णन करणाऱ्या दोन ओळी पत्नीने सुचवल्याचे कवीनेच सांगून ठेवले आहे. म्हणजे एकांताच्या या कवितेला दोन बायकांचा हात लागला आहे! ज्याला आपले माणूस आहे, त्यालाच एकांत गोड लागतो.

हे मला उशिरा कळले. एका दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना आमची आत्या माजघरात बसून म्हणाली, “फार एकटं वाटतं रे.” मी हसून म्हणालो, “आत्या, घरात सतरा माणसं आहेत!” ती काहीच बोलली नाही. मी डोकी मोजत होतो. ती दुसरेच काही सांगत होती.

आता आत्या नाही. फराळाची ताटे मांडताना माजघराकडे एकदा नजर जातेच.