रेचलचा पियानो, ‘के’चा घोडा

डेकर्ड रेप्लिकंट आहे की माणूस? ‘ब्लेड रनर’चा विषय निघाला की कुणीतरी हा प्रश्न काढतंच. मग युनिकॉर्नचं स्वप्न निघतं, कागदाचा घडी घातलेला युनिकॉर्न निघतो, दिग्दर्शक रिडली स्कॉट काय म्हणतो ते निघतं. मला हा वाद आता कंटाळवाणा वाटतो. पहिल्या सिनेमातला खरा प्रश्न मला पियानोपाशी दिसतो, आणि ३५ वर्षांनी आलेल्या सीक्वेलने नेमका तोच उचलला म्हणून तो मला आवडतो.

(पुढे दोन्ही सिनेमांचे शेवट फोडले आहेत. पाहिले नसतील तर आधी पाहा, आणि जमलं तर मोबाइलवर नको.)

१९८२चा ‘ब्लेड रनर’ घडतो २०१९च्या लॉस एंजेलिसमध्ये. टायरेल कंपनीने बनवलेली कृत्रिम माणसं, म्हणजे रेप्लिकंट, पृथ्वीबाहेरच्या वसाहतींत गुलामासारखी राबतात. नेक्सस-६ जातीच्या रेप्लिकंटचं आयुष्य चारच वर्षांचं. त्यातले काही पळून पृथ्वीवर येतात आणि डेकर्डला त्यांना संपवायचं असतं. त्याला ‘मारणं’ म्हणत नाहीत, ‘रिटायर करणं’ म्हणतात. सरकारी भाषा ही अशी असते.

रेचलला मात्र आपण रेप्लिकंट आहोत हेच माहीत नसतं. तिच्या डोक्यात टायरेलच्या भाचीच्या आठवणी भरलेल्या आहेत. तिने कधी कुणाला न सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टी डेकर्ड तिच्यासमोर घडाघडा म्हणून दाखवतो, आणि तिचं बालपण एका मिनिटात तिच्या हातून जातं. त्यानंतर कधीतरी ती त्याच्या घरी पियानोपाशी बसते. शिकवणी आठवते, पण ती आपली की त्या भाचीची हे तिला सांगता येत नाही. बोटं मात्र वाजवतात. छान वाजवतेस, एवढंच डेकर्ड म्हणतो.

आठवण कुणाची का असेना, सूर आत्ता या बोटांतून निघालाय. इथे सिनेमा क्षणभर स्वतःच्याच प्रश्नाच्या पुढे जातो. आणि लगेच घसरतो. निघालेल्या रेचलला डेकर्ड दार अडवून भिंतीवर ढकलतो आणि तिच्याकडून हवे ते शब्द वदवून घेतो. वर व्हँजेलिसचं सुंदर संगीत. हा प्रसंग रोमँटिक म्हणून मला कधीच पाहवला नाही. जिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलेलं नाही, तिच्या तोंडी शब्दही दुसऱ्याचेच घातले जातात.

याच्या अगदी उलट रॉय बॅटी. छतावर, पावसात, मरताना तो फक्त स्वतः पाहिलेल्या गोष्टी सांगतो. आयुष्य चार वर्षांचं, पण ते उसनं नव्हतं. शूटिंगच्या आदल्या रात्री रुटगर हाउअरने ते भाषण स्वतः कापून छोटं केलं, हे बरंच झालं.

डेनी व्हिलनवचा ‘ब्लेड रनर २०४९’ आला २०१७मध्ये. त्याचा नायक ‘के’ रेप्लिकंट आहे, स्वतःच्याच जातीला मारायचं काम करतो, आणि आपल्या आठवणी कारखान्यात बनल्या आहेत हे त्याला पक्कं माहीत आहे. त्यातली एक लाकडी घोड्याची. दांडगट पोरांपासून वाचवायला तो घोडा भट्टीत लपवलेला. ‘के’ तिथे जाऊन हात घालतो, तर घोडा निघतो! म्हणजे आठवण खरी. म्हणजे रेचलच्या पोटी जन्मलेलं ते मूल आपणच? जॉय, त्याची विकत घेतलेली होलोग्राम प्रेयसी, म्हणते, तू खास आहेस हे मला माहीतच होतं. ती त्याला नाव देते: ‘जो’.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटते. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण कुंतीचा मुलगा निघतो, तसं काहीतरी होणार म्हणून आपण सरसावून बसतो. आणि सिनेमा सांगतो, नाही. मूल मुलगी होती. आठवण खरी आहे, पण तुझी नाही.

नंतर पुलावर जॉयची इमारतीएवढी जाहिरात खाली वाकून त्याच्याशी लाडीगोडी करते आणि त्यालाही ‘जो’ म्हणते. प्रेमाने ठेवलेलं नाव बहुधा कंपनीच्याच शब्दकोशातलं होतं. रायन गॉसलिंगचा चेहरा इथे जवळजवळ हलत नाही. मला या प्रसंगात जास्त लागतं ते हे, की त्या नावाने त्याला दिलेला आनंद खोटा होता असं तरीही म्हणता येत नाही.

सीक्वेलमध्ये खटकण्यासारखं बरंच आहे. जॅरेड लेटोचा वॉलेस फार बोलतो. रेप्लिकंटांचं बंड तोंडी लावण्यापुरतं. बाया एक तर विकाऊ, नाही तर मरायला. लांबी १६३ मिनिटं; त्यातली बरीच रॉजर डीकिन्सच्या प्रकाशाकडे बघत आनंदाने जातात, त्याला ऑस्करही मिळालं, पण सगळी नाही.

तरीही पुलानंतर ‘के’ जे करतो त्यासाठी मी हा सिनेमा परत पाहतो. रॉयकडे निदान स्वतःच्या आठवणी होत्या. याच्याकडे आई नाही, नाव नाही, घोडासुद्धा दुसऱ्याचा. बंडवाले सांगतात, डेकर्डला मार. वॉलेसला तो जिवंत हवाय. ‘के’ दोघांचंही ऐकत नाही. तो डेकर्डला बुडताना वाचवतो, त्याच्या मुलीच्या दारापर्यंत आणतो आणि तो घोडा त्याच्या हातात देतो. स्वतः पायऱ्यांवर आडवा होतो. रॉयच्या मृत्यूची धून पुन्हा वाजते, पण भाषण नाही. काचेआड ती मुलगी, आठवणी बनवणारी, खोटा बर्फ पाडत उभी आहे. बाहेर ‘के’च्या तळहातावर खरा बर्फ पडतोय.