चटई गेली, नशा राहिली

मँचेस्टरचा ‘हासिएंडा’ क्लब १९८२ मध्ये सुरू झाला आणि पुढची काही वर्षं बऱ्याच रात्री ओसच राहिला. शिकागोचं हाऊस संगीत तिथे आधीच वाजू लागलं होतं. १९८८ मध्ये त्यात एक्स्टसीच्या गोळ्या येऊन मिळाल्या आणि जागा पुरेना. गोळीतल्या एमडीएमएने अनोळखी माणूस आपला वाटू लागतो. कोपऱ्यात ग्लास धरून उभे राहणारे नाचायला आले, धक्का लागला तर भांडणाऐवजी मिठी पडू लागली. हा बदल खरा होता. समीक्षकाने तो नाकारू नये. पण नाचणारे दारूऐवजी पाणी पिऊ लागले, बारचा गल्ला आटला, गोळ्यांचा पैसा टोळ्यांकडे गेला आणि टोळ्या दारापर्यंत आल्या. १९८९ मध्ये तिथे गोळी घेतलेली एक किशोरवयीन मुलगी दगावली. १९९१ मध्ये हिंसेपायी क्लब काही काळ बंद ठेवावा लागला, १९९७ मध्ये कायमचा.

गोव्यात मात्र श्रेयाची वाटणीच चुकली आहे. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर घडलेला गोवा ट्रान्स म्हणजे एलएसडीचं अपत्य, असं सरसकट सांगितलं जातं. तासन्‌तास टिकणारा तो अंमल, रात्रभराचे सेट आणि वळसे घेत चढणारे सिंथचे सूर यांचं नातं उघड आहे. पण तिथले डीजे रेकॉर्डऐवजी डॅट टेप वापरत, कारण उष्णतेत विनाइलच्या तबकड्या वाकत. डॅटवर ठेक्याला ठेका जुळवणं अवघड. म्हणून रचनांची सुरुवात आणि शेवट लांब, बिनठेक्याचे ठेवले जात. ज्या पोकळीला आपण गूढ म्हणत आलो, ती बरीचशी टेपच्या अडचणीतून आली. पहाटेचं संगीतही वेगळं असे, रात्रीपेक्षा उजळ आणि सुरेल.

आणि कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, दिवे लावून चहा-ऑम्लेट विकत. दमलेल्याला, भेदरलेल्याला टेकायला तीच जागा. ट्रान्सच्या इतिहासात डीजे गोवा गिलचं नाव येतं, यायलाच हवं. या बायकांचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते त्या पार्टीचा निम्मा माहोल त्यांनी सांभाळला होता.

आज मोठी पार्टी तिकिटाच्या कुंपणात गेली आहे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद करण्याच्या नियमाने अशा कार्यक्रमातून पहाटच वजा झाली. झोपमोड होणाऱ्या गावकऱ्यांची तक्रार रास्तच होती. मात्र नशा कुठे गेली नाही. आता ती थोड्या वेळात, घाईने, लपून केली जाते. गोळीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एमडीएमएने अंगाचं तापमान चढतं, गर्दीत नाचताना आणखीच. सोबती कोसळला तरी पोलिसांच्या भीतीने मित्र मदत मागायला कचरतात. म्हणून हल्ली कोणत्याही महोत्सवात गेलो की रंगमंचाकडे वळण्याआधी मी पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, आणि भेदरलेल्या पोरापाशी बसायला कुणी आहे का, ते पाहून येतो.