झोप, चेहरा आणि त्वचा : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

रात्रीचे जागरण चेहऱ्यावर दिसते, हे कळण्यासाठी मराठी भाषिकाला प्रयोगशाळेची आवश्यकता कधी भासली नाही. डोळे तारवटतात, तोंड उतरते, चेहरा ओढलेला दिसतो. या प्रयोगांचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यांपैकी एकातही 'त्वचा' वा 'कातडी' हा शब्द नाही. समोरच्याच्या नजरेला जे जाणवते तेवढेच ते सांगतात. कांती तुकतुकीत असते ती तारुण्याने, आरोग्याने, क्वचित तेलाने. आयुर्वेदाने जागरणाचा संबंध रूक्षतेशी जोडला आहे खरा. पण ती रूक्षता वातवृद्धीमुळे सर्व शरीरास येणारी, केवळ गालावरची नव्हे.

प्रसाधनविषयक अलीकडील मराठीत याहून निराळी वाक्यरचना रूढ झाली आहे. अपुऱ्या झोपेने 'त्वचा थकते' आणि रात्री 'त्वचा स्वतःची दुरुस्ती करते', असे तीत सांगितले जाते. इंग्रजीतील 'ब्यूटी स्लीप' या जुन्या शब्दाची छाया येथे उघड आहे. चेहरा थकलेला दिसणे हे पाहणाऱ्याचे अनुमान होय. त्वचा थकणे हे शरीरक्रियेविषयीचे विधान होय. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची जी प्रवृत्ती दृष्टोत्पत्तीस येते, तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

अनुमानाच्या बाजूचा पुरावा पुष्कळच नेटका आहे. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३ तरुण स्त्रीपुरुषांची प्रसाधनरहित छायाचित्रे दोनदा घेतली : एकदा पुरेशा झोपेनंतर, एकदा प्रदीर्घ जागरणानंतर. ६५ निरीक्षकांनी त्यांना शंभरांपैकी गुण दिले. थकव्याचे सरासरी गुण ४४ वरून ५३ वर चढले, आरोग्याचे ६८ वरून ६३ वर उतरले. आकर्षकतेचे मात्र ४० वरून ३८ वर आले, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी घटले. तरीही त्या लेखाच्या शीर्षकात 'ब्यूटी स्लीप' हेच शब्द आले! ज्या गुणात सर्वांत कमी फरक पडला, त्याच गुणाचे नाव प्रयोगाला मिळाले. शास्त्रज्ञही रूढ शब्दप्रयोगाच्या मोहातून सुटत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच परंपरेतील २०१३ च्या प्रयोगात निरीक्षकांना चेहऱ्यातील नेमके बदल विचारले गेले. लोंबणाऱ्या पापण्या, लाल डोळे, सुजलेले डोळे, डोळ्यांखालचा काळेपणा, फिकट त्वचा, बारीक सुरकुत्या आणि खाली झुकलेले ओठांचे कोपरे अशी सात लक्षणे पुढे आली. त्यांतील चार डोळ्यांची अथवा त्यांच्या परिसराची, एक मुखाचे, आणि केवळ दोन सरळ त्वचेची आहेत. 'डोळे तारवटले' व 'तोंड उतरले' म्हणणाऱ्या भाषेने निरीक्षण चुकीचे केले नव्हते. फिकेपणा व सुरकुत्या हीही येथे डोळ्यांनी टिपलेली लक्षणे आहेत. त्वचेचे मोजमाप या प्रयोगात झालेले नाही.

ते मोजमाप अन्यत्र झाले आहे. त्वचेवर चिकटपट्टी पुनःपुन्हा लावून उपटली की तिचा सर्वांत वरचा थर विरळ होतो व आतील ओलावा अधिक वेगाने बाहेर पडू लागतो. तो वेग पूर्ववत होण्यास किती काळ लागतो, यावरून त्वचेची भरून येण्याची शक्ती ठरविली जाते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका रात्रीच्या जागरणानंतर ११ स्त्रियांच्या त्वचेस भरून येण्यास विलंब लागल्याचे आढळले. विधान लहान, पण भक्कम. कारण तेथे जागरण मुद्दाम घडविलेले होते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ६० स्त्रियांच्या अभ्यासाची गोष्ट वेगळी. उत्तम झोप घेणाऱ्या स्त्रियांची त्वचा ७२ तासांनंतर ३० टक्के अधिक सावरलेली होती, आणि वार्धक्याची लक्षणेही त्यांच्यात कमी होती. हे आकडे सर्वत्र उद्धृत होतात. परंतु येथे कोणाची झोप कमी केलेली नव्हती. चांगली झोप घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन गटांची केवळ तुलना होती. ज्या स्त्रीला पाच तासही झोप मिळत नाही, तिच्या आयुष्यात काळजी, रात्रपाळी, आजारपण असे आणखीही काही असू शकते. अभ्यासास अर्थसाहाय्य एस्टी लॉडर या प्रसाधन कंपनीचे होते, आणि 'नाइट रिपेअर' या नावाचे उत्पादन तिने १९८२ मध्येच बाजारात आणलेले होते. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. 'दुरुस्ती' हा शब्द मात्र प्रयोगाच्या आधीपासून दुकानात होता, हे विसरता येत नाही.

या शब्दाचा व्याकरणिक प्रवास पाहण्यासारखा आहे. आधी झोप त्वचेला सावरते. मग त्वचा झोपेत स्वतःला सावरते. अखेरीस रात्री लावलेले क्रीम त्वचेला सावरते. तीन वाक्यांत कर्ता दोनदा बदलला, आणि शेवटच्या वाक्यातून झोप पूर्णपणे गळाली. रात्रपाळीच्या परिचारिकेला हेच तिसरे वाक्य ऐकवले जाते. कारण पहिल्यातील वस्तू तिला विकता येत नाही.

प्रसाधनक्रमाविषयी एक साधी बाब या चर्चेत मागे पडते. थकलेला मनुष्य रात्री तोंड न धुताच आडवा होतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या चेहऱ्यात जागरणाचा भाग किती आणि न उतरवलेल्या रंगाचा किती, हे केवळ पाहून ठरणार नाही. कार्यकारणाची दिशा उलटीही असते. इसबाच्या रुग्णाला रात्री कंड अधिक सुटते, खाजवून त्वचा फाटते आणि झोप मोडते. येथे आधी त्वचा बिघडली, झोप नंतर. अशा रुग्णास 'पुरेशी झोप घ्या' असे सांगणे म्हणजे परिणामालाच औषध म्हणून लिहून देणे होय. त्याला आधी कंड शमविणारा उपचार हवा असतो.