फलाट क्रमांक १ वरचे अस्वल

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकात फलाट क्रमांक १ वर ब्राँझचे दोन पुतळे आहेत. पहिला एका सैनिकाचा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे हे स्मारक शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर यांनी घडविले व १९२२ साली त्याचे अनावरण झाले. अंगात जाड कोट, गळ्याभोवती मफलर. आणि हा सैनिक लढत नाही, घरून आलेले पत्र वाचतो आहे. दुसरा पुतळा मार्कस कॉर्निश यांचा, २००० सालचा. तो आहे एका अस्वलाचा. डोक्यावर हॅट, गळ्यात चिठ्ठी. छायाचित्रे काढणारी मुले अर्थातच अस्वलाभोवती जमतात. परंतु मायकेल बॉण्ड यांच्या पॅडिंग्टनचे लंडन पाहावयास निघालेल्याने आरंभी हे दोन्ही पुतळे एका दृष्टिक्षेपात घ्यावेत. दोघेही घरापासून दुरावलेले, आणि दोघांचाही आधार कागदाचा एक तुकडा.

१९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पुस्तकात हे अस्वल पेरू देशाहून बोटीत लपून येते आणि याच स्थानकात, हरवलेल्या सामानाच्या कचेरीजवळ, टपालाच्या थैल्यांआड बसलेले ब्राऊन दांपत्याला आढळते. गळ्यातल्या चिठ्ठीत त्याची काळजी घ्यावी एवढीच विनंती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनची मुले खेडोपाडी पाठविली गेली, तेव्हा त्यांच्या अंगावर अशाच चिठ्ठ्या असत. ते दृश्य बॉण्ड यांच्या मनात राहून गेले होते. अस्वलाजवळ ना पारपत्र, ना परवाना. ब्राऊन बाई तसले काही विचारीत नाहीत. त्यांना चिंता पडते ती त्याच्या राहण्या-जेवण्याची. त्याचे पेरूतले नाव कोणाला कळणार नाही म्हणून त्याला स्थानकाचेच नाव मिळते. येथे मी जरा अडखळतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर ज्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीज आडनावे मिळाली, त्या आपल्यासारख्या वाचकांना हे नामकरण निव्वळ गमतीचे वाटू नये. स्वागतात प्रेम असते, तसा थोडा विसरही असतो.

पुस्तकातले ३२, विंडसर गार्डन्स हे घर शोधू गेल्यास सापडत नाही. त्या नावाचा रस्ता हॅरो रोडजवळ आहे, पण ब्राऊन कुटुंबाचे घर तेथे नाही. २०१४ च्या चित्रपटात दिसणारी रंगीत घरांची ओळ प्रिमरोझ हिल भागातील चॅल्कॉट क्रेसेंटची. त्याच वर्षी चित्रपटाच्या निमित्ताने लंडनभर या अस्वलाचे पन्नास रंगीत पुतळे मांडले गेले आणि मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळाला. हेतू उत्तमच. पण शहरातली प्रत्येक प्रसिद्ध जागा अस्वलाची झाली, की त्याचे परकेपण उरत नाही. २०२२ साली तर ते राणीबरोबर चहा घेताना पडद्यावर दिसले. लपून आलेला प्रवासी राजवाड्यात पोहोचला याचा आनंद मलाही झाला. मात्र कथेचा कणा तेथे नाही.

तो आहे पोर्टोबेल्लो रोडवर. जुन्या वस्तूंच्या या बाजारात ग्रूबर यांचे दुकान असल्याचे बॉण्ड सांगतात. ग्रूबर हंगेरीहून आलेले निर्वासित आहेत. रोज सकाळी अकराच्या सुमारास ते आणि पॅडिंग्टन बन खात, कोको पीत बोलत बसतात. बॉण्ड यांचे साहित्य-प्रतिनिधी हार्वी उना हे नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू गृहस्थ होते आणि ग्रूबर त्यांच्यावरून घडले आहेत. अस्वलाचे दुःख ब्राऊन मंडळींना प्रेमाने कळते, ग्रूबरना अनुभवाने. बॉण्ड यांनी दोन परक्यांना एका टेबलाशी बसविले आणि त्याबद्दल उपदेशाचा एक शब्दही लिहिला नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय मुलांना समजावताना आपण बरेच बोलतो; त्या मानाने हा संयम मोठा.

आता एक अवघड गोष्ट. पुस्तक दुकानांत आले १९५८ च्या ऑक्टोबरात. त्याआधी काही आठवडे, ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी, याच नॉटिंग हिल परिसरात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजहून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या घरांवर हल्ले केले होते. पुढच्या वर्षी, १९५९ च्या मे महिन्यात, अँटिग्वाहून आलेला केल्सो कॉक्रेन हा सुतार तेथेच भोसकला गेला. त्याच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुस्तक दंगलीपूर्वीच लिहून झाले होते, तेव्हा बॉण्ड यांना मौनाचा दोष देता येणार नाही. तरीही प्रश्न राहतोच: अस्वलाला जी दारे उघडली, ती माणसांना का उघडली नाहीत? अस्वल कोणाच्या नोकरीवर वा खोलीवर हक्क सांगत नाही, हे एक उत्तर असावे. बालवाङ्मयाची ही मर्यादा आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. दिग्दर्शक पॉल किंग यांनी ती ओळखली असावी. २०१४ च्या त्यांच्या चित्रपटात रस्त्याच्या कडेला कॅरिबियन वादकांचा ताफा कॅलिप्सो वाजवीत उभा दिसतो. ती दृश्ये मला साऱ्या पाठलागांहून अधिक मोलाची वाटतात.

गोव्याहून गेलेली आपली कितीतरी कॅथॉलिक कुटुंबे स्विंडन शहरात राहतात आणि स्विंडनची गाडी पॅडिंग्टन स्थानकावरूनच सुटते. त्यांच्यापैकी कोणी मुलांना घेऊन अस्वलाच्या वाटेने निघाले, तर पोर्टोबेल्लोच्या दुकानांपाशी थांबू नये. रस्ता उत्तरेकडे तसाच पुढे जातो आणि गोल्बोर्न रोडला मिळतो. तेथे एका भिंतीवर २००९ साली लावलेली निळी पाटी आहे. तिच्यावर केल्सो कॉक्रेनचे नाव आहे.