कलाशाखेला पर्यावरणाचं पुस्तक कोणतं?

मुखेडसारख्या गावात बी.ए., बी.कॉम.च्या पोरांना पर्यावरण शिकवायचं, तर पुस्तक कोणतं घ्यायचं? सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता खटल्यात हा विषय शिकवायला सांगितलं. पुढे यूजीसीचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. त्याचं पाठ्यपुस्तक एरच भरुचा यांनी लिहिलं. जैवविविधतेवर ते आपुलकीने बोलतं. पण ते साऱ्या देशासाठी. त्यात आपली लेंडी नदी कुठून सापडणार?

बाजारातली गाईडं तर व्याख्या आणि पाच कारणं देऊन मोकळी होतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘पाऊस कमी’ एवढं लिहिलं की गुण मिळतात. पाऊस किती पडला हे विज्ञान सांगेल. पण उरलेलं पाणी आधी उसाला की घागरीला, हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि तिथे कलाशाखेचा विद्यार्थी कच्चा नसतो.

त्या अभ्यासक्रमात 50 पैकी 5 तास क्षेत्रभेटीला होते. म्हणून माझी कसोटी साधी: पुस्तक मिटून पोरगं लेंडी धरणावर गेलं, तर बुडीत गावातल्या माणसाला ते काय विचारील? ज्या पुस्तकाने त्याला प्रश्न सुचेल, ते घ्या.