हिरवा रंग कुणासाठी धोक्याचा?

खुनाची रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे नेहमीच करमणुकीच्या खात्यात टाकला गेला. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार कामगारवस्तीतल्या वाचनालयांपर्यंत पोहोचला, पण समीक्षेच्या दालनात त्याला खुर्ची मिळाली नाही. या उपेक्षेचे दुःख करण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र ज्या वाङ्मयात मृत्यू हाच विषय आहे, त्यात कुणाच्या मृत्यूचा जाब विचारला जातो आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न आपला आहे. म्हणूनच ख्रिस्तियाना ब्रँड या इंग्रज लेखिकेची ‘ग्रीन फॉर डेंजर’ ही १९४४ ची कादंबरी येथे चर्चेला घेतली आहे. १९४६ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. रहस्याचा उलगडा सांगितल्याशिवाय ही चर्चा होऊ शकत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. इंग्लंडातल्या केंट परगण्यात जर्मन विमाने बॉम्ब टाकीत आहेत. तिथे एक लष्करी इस्पितळ आहे. कादंबरी उघडते तीच जोसेफ हिगिन्स या पोस्टमनवर. सायकल ढकलीत तो चढ चढतो आहे; त्याच्याजवळ सात पत्रे आहेत. ती लिहिणारे सातजण, म्हणजे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि युद्धकाळात स्वेच्छेने आलेल्या परिचारिका, पुढे या इस्पितळात एकत्र येतात. पुढे हवाई हल्ल्यात मांडीचे हाड मोडलेला हाच हिगिन्स तिथे रुग्ण म्हणून दाखल होतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल देताना मरतो. आधी तो अपघात वाटतो. मग आपल्याजवळ पुरावा आहे असे सांगणाऱ्या सिस्टरचाही खून होतो. इन्स्पेक्टर कॉकरिल शोध घेतो, आणि कळते की कार्बन डाय-ऑक्साइडच्या हिरव्या सिलिंडरला ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रंग फासलेला होता. प्राणवायू म्हणून पोस्टमनच्या छातीत गेला तो मारणारा वायू.

लेखिकेचा नवरा शल्यचिकित्सक होता. ऑपरेशन थिएटरची तिची माहिती पक्की आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ती वाचकाला फसवीत नाही. पुरावे त्याच्या डोळ्यांसमोर ठेवते. पण तिची खरी ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. एका साध्या पोस्टमनला कोण कशाला मारील, हा प्रश्न सगळ्या तपासाला अडवून धरतो. हा प्रश्न वर्गीय आहे! या माणसाजवळ पैसा नाही, त्याची भानगड नाही, मग त्याचा खून कशासाठी? म्हणजे गरिबाला मारण्याजोगे आयुष्यच नसते, असे हा प्रश्न गृहीत धरतो. उत्तर मात्र या गृहीताला धक्का देते. हिगिन्सला मारले गेले ते त्याच्या कामामुळे. बॉम्बने पडलेल्या घरांखालून माणसे उपसणाऱ्या पथकात तो होता. एस्थर या परिचारिकेची आई अशाच ढिगाऱ्याखाली गेली होती. आईच्या मरणाचा दोष ती त्या उपसणाऱ्या हातांवर ठेवते.

बॉम्ब टाकणारा दूर आहे. युद्ध चालवणारे त्याहून दूर आहेत. हाताशी सापडतो तो फावडेवाला. दुःखाने आंधळा झालेला सूड नेहमी असाच खालच्या बाजूला वाहतो. इथे कादंबरी एका मोठ्या सत्याच्या दारापर्यंत येते आणि तिथूनच परतते. एस्थरचे मन ती आस्थेने उलगडते. पण हिगिन्सचे मन? ढिगारा उपसताना त्याला काय वाटले, कुणाला सोडून जावे लागले, रात्री त्याला झोप लागली का? त्याला मन दिलेच गेले नाही. पत्रे त्याने वाहिली, कथा मात्र पत्र लिहिणाऱ्यांची झाली.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. त्या पोस्टमनच्या मृत्यूसाठी एक इन्स्पेक्टर येतो. तो सिलिंडर तपासतो, प्रत्येक प्रतिष्ठिताला उलटेसुलटे प्रश्न विचारतो. आमच्या गटारांत उतरलेला माणूसही वायूनेच मरतो. त्या वायूला कुणी खोटा रंग दिलेला नसतो. तो धोक्याचा आहे हे उतरवणाऱ्याला ठाऊक असते. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. रक्कम वाढली, माणसे उतरतच राहिली. इथे ‘कुणी मारले?’ हा प्रश्नच उठत नाही. ठेकेदार, अभियंता, सही करणारा अधिकारी या बंद खोलीतल्या संशयितांना कोणताही कॉकरिल समोरासमोर बसवीत नाही. कारण येथे रंग सिलिंडरला दिलेला नाही, जातीने तो माणसालाच दिलेला आहे.

रहस्यकथेचा एक मूलभूत नीतिनियम आहे: कोणताही मृत्यू आपोआप घडत नाही, त्यामागे कुणाचा तरी हात असतो आणि तो शोधता येतो. प्रस्थापितांनी हा नियम दिवाणखान्यापुरता आणि डॉक्टरांच्या खोलीपुरता वापरला. आमच्या लेखकांनी तो गटाराच्या झाकणापाशी, शवागाराच्या दारापाशी, इस्पितळातल्या रात्रपाळीच्या सफाई कामगारापाशी आणला पाहिजे. मात्र एस्थरची चूक करून नव्हे. जवळच्या हातावर सूड घेणे हा विद्रोह नव्हे. दूरच्या हातापर्यंत तपास नेणे, हा विद्रोह होय.

हिगिन्सचा खुनी सापडला. आमच्या माणसांच्या मृत्यूचा तपास अजून सुरूच व्हायचा आहे.