अमेरिकेतील संघीय विद्यार्थी अर्थसाहाय्याची परिभाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

प्रत्येक शासनव्यवस्था कारभाराबरोबर स्वतःची परिभाषाही घडवीत असते. ही परिभाषा केवळ कारकुनी सोयीची बाब नसते. कोणाला गरजू म्हणावे, कोणाला स्वावलंबी म्हणावे, कोणत्या रकमेला मदत म्हणावे आणि कोणत्या रकमेला ऋण, याचा निर्णय तिच्यातून होत असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघीय विद्यार्थी अर्थसाहाय्याची परिभाषा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात त्यांचे स्वतःचे शिक्षण झाले होते तेथे, उच्च शिक्षण अधिनियमावर स्वाक्षरी केली. या अधिनियमाचा चौथा विभाग, म्हणजेच 'टायटल फोर', हा आजही तेथील अनुदाने, कर्जे आणि श्रमाधारित साहाय्य यांचा मूलाधार आहे. पैशाअभावी कोणाचे उच्च शिक्षण अडू नये, हा त्यामागील हेतू होता. हा हेतू ज्या शब्दांवाटे सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचतो, ते शब्द त्या हेतूशी प्रामाणिक आहेत काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. नावांची वंशावळ :

या परिभाषेतील सर्वांत निरुपद्रवी थर व्यक्तिनामांचा आहे. १९७२ साली सुरू झालेल्या 'बेसिक एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी ग्रँट' या अनुदानाला १९८० साली सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव देण्यात आले. 'गॅरंटीड स्टुडंट लोन' या कर्जाला १९८८ साली सिनेटर रॉबर्ट स्टॅफर्ड यांचे नाव मिळाले. १९५८ च्या कायद्यातून निर्माण झालेले 'नॅशनल डिफेन्स स्टुडंट लोन' पुढे कार्ल पर्किन्स यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ते कर्ज देण्याचा अधिकार ३० सप्टेंबर २०१७ रोजी संपुष्टात आला. मूळ नावांत योजनेचा आशय सांगितलेला होता. 'मूलभूत शैक्षणिक संधी अनुदान' हे शब्द वाचणाऱ्यास योजना काय आहे हे निदान अंदाजाने तरी कळत असे. 'पेल' या अक्षरांतून तसा काहीही बोध होत नाही. लोकप्रतिनिधीचा गौरव झाला खरा, पण त्यासाठी अर्जदाराच्या आकलनाचा बळी द्यावा लागला.

या नामावलीत आद्याक्षरांची भर पडली. १९९२ च्या दुरुस्तीनंतर 'फाफ्सा' हा सर्वांसाठीचा एकच विनामूल्य अर्ज आला. त्याच्या पोटात 'ईएफसी', 'सीओए', 'एसएपी' अशी अक्षरकुळे वाढली. तथापि खरा प्रश्न या अपरिचित अक्षरांचा नव्हे. अनोळखी शब्द पाहून वाचक थांबतो आणि कोणाला तरी अर्थ विचारतो. धोका असतो तो ओळखीच्या शब्दाचा. त्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे, असे समजून वाचक पुढे जातो.

२. देण्याच्या भाषेतील ऋण :

'अवॉर्ड' हा अशा ओळखीच्या शब्दांचा अग्रणी होय. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाकडून जे साहाय्यपत्र येते, त्यास दीर्घकाळ 'अवॉर्ड लेटर' म्हटले गेले. सामान्य इंग्रजीत अवॉर्ड म्हणजे पुरस्कार, गुणांबद्दल मिळालेले बक्षीस. या पत्रात मात्र तीन भिन्न प्रकृतीच्या रकमा एकाखाली एक मांडलेल्या असतात : परत न करावयाचे अनुदान, व्याजासह परत करावयाचे कर्ज आणि 'वर्क-स्टडी' म्हणजे काम केल्यास मिळू शकणारी मजुरी. या तिसऱ्या रकमेचे स्वरूप तर केवळ कमाल मर्यादेचे असते. काम मिळाले नाही तर ती रक्कमही मिळत नाही. या तिन्हींची बेरीज करून तिला 'एकूण साहाय्य' म्हणण्याची रीत अनेक पत्रांत आढळते. देणे, घेणे आणि कमावणे या तीन क्रियांची बेरीज गणितात होऊ शकते, अर्थात होऊ शकत नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. २०१८ साली 'न्यू अमेरिका' आणि 'यूअॅस्पायर' या संस्थांनी अशा हजारो पत्रांची तपासणी केली. 'अनसबसिडाइज्ड' या एकाच संघीय कर्जासाठी ४५५ महाविद्यालयांच्या पत्रांत १३६ वेगवेगळी नावे त्यांना आढळली आणि त्यांपैकी २४ नावांत 'लोन' हा शब्दच नव्हता. कर्जाच्या नावातून कर्ज हा शब्द गाळला गेला की वाचकाने ते कर्ज ओळखावे कसे? २०२२ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात याहून गंभीर निष्कर्ष आहे. सुमारे ९१ टक्के महाविद्यालये विद्यार्थ्यास प्रत्यक्ष पडणारा निव्वळ खर्च आपल्या पत्रात सांगत नाहीत किंवा तो कमी करून सांगतात, असे त्यात नमूद आहे.

'सबसिडाइज्ड' आणि 'अनसबसिडाइज्ड' ही जोडीही अशीच फसवी आहे. यांतील अनुदान मुद्दलावर नसून व्याजावर असते. पहिल्या प्रकारात विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असेतो व्याज शासन भरते. दुसऱ्या प्रकारात रक्कम हाती पडल्या दिवसापासून व्याज चढू लागते. पदवीच्या पहिल्या वर्षात पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यास मिळू शकणाऱ्या ५,५०० डॉलरपैकी जास्तीत जास्त ३,५०० डॉलरच पहिल्या प्रकारचे असतात. एका 'अन' या उपसर्गात काही वर्षांचे व्याज दडलेले असते.

३. कुटुंबाची परिभाषा :

अर्थसाहाय्याचे गणित कुटुंबाच्या उत्पन्नावर उभे असल्याने या परिभाषेला कुटुंबाची व्याख्या करावी लागते. येथे 'इंडिपेंडंट' हा शब्द लक्षणीय ठरतो. विसाव्या वर्षी घराबाहेर राहून स्वतःच्या कमाईवर शिकणारा तरुण लोकव्यवहारात स्वावलंबी असतो. संघीय नियमात तो परावलंबीच राहतो. तेथे स्वावलंबन ठरते ते वयाची चोवीस वर्षे, विवाह, सैनिकी सेवा, अनाथपण, पदव्युत्तर प्रवेश अशा निकषांवर. पालक खर्च करण्यास नकार देतात, हे कारण स्वावलंबी ठरण्यास पुरेसे नाही. पालकांनी माहिती देण्यासही नकार दिला, तर अशा विद्यार्थ्यापुढे बहुधा केवळ अनसबसिडाइज्ड कर्जाचा मार्ग उरतो. म्हणजे वस्तुतः ज्याला कोणाचा आधार नाही, तो परिभाषेत आधार असलेला ठरतो.

'एक्स्पेक्टेड फॅमिली कॉन्ट्रिब्यूशन' या संज्ञेने अनेक वर्षे असाच गोंधळ माजविला. 'कुटुंबाकडून अपेक्षित योगदान' हे शब्द वाचून आपणांस एवढीच रक्कम भरावी लागेल, असा समज होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ती रक्कम म्हणजे केवळ पात्रता मोजण्याचा आकडा होता. कुटुंबाचा खरा खर्च त्याहून कितीतरी अधिक होऊ शकत असे. डिसेंबर २०२० मध्ये संमत झालेल्या सुलभीकरण कायद्यानुसार २०२४-२५ या वर्षापासून तिच्या जागी 'स्टुडंट एड इंडेक्स' ही संज्ञा आली. योगदान गेले, निर्देशांक आला. ही दुरुस्ती प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर सूत्रही बदलले. पूर्वी एकाच वेळी दोन मुले महाविद्यालयात असल्यास पालकांचे अपेक्षित योगदान विभागले जात असे. नव्या सूत्रातून ती विभागणी वगळण्यात आली. नव्या निर्देशांकाचे मूल्य उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकते. गरजेची तीव्रता दाखविणारा हा उणे आकडा स्वागतार्ह वाटतो. मात्र त्यामुळे पेल अनुदानाची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही आणि साहाय्याची गरज मोजताना तो आकडा शून्यच धरला जातो. दारिद्र्याची नोंद अधिक सूक्ष्म झाली, पण त्या सूक्ष्मतेतून विद्यार्थ्याच्या पदरात वेगळे काही पडत नाही.

याच सुधारणेतून आलेला 'काँट्रिब्यूटर' हा शब्द अधिक उद्बोधक आहे. अर्जात ज्यांची माहिती व संमती आवश्यक असते असे पालक वा जोडीदार म्हणजे काँट्रिब्यूटर. काँट्रिब्यूटर असणे म्हणजे खर्चाची जबाबदारी घेणे नव्हे, असा खुलासा शासनाला स्वतंत्रपणे करावा लागला. शब्द योजावा आणि लगेच त्याचा रूढ अर्थ नाकारावा, हे परिभाषेच्या अपयशाचे लक्षण मानावे लागेल. शिवाय नवा अर्ज ३० डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे नेहमीच्या वेळेपेक्षा सुमारे तीन महिने उशिरा खुला झाला, तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या काँट्रिब्यूटरना तो पूर्ण करताना दीर्घकाळ तांत्रिक अडथळे आले. अमेरिकन नागरिक असलेल्या पात्र मुलांचे अर्ज पालकांच्या कागदपत्रांपायी अडकून पडले.

४. नीतीची परिभाषा :

तिसरा वर्ग नैतिक ध्वनी असलेल्या शब्दांचा आहे. 'सॅटिस्फॅक्टरी अॅकॅडेमिक प्रोग्रेस' म्हणजे समाधानकारक शैक्षणिक प्रगती. या समाधानाचे मोजमाप गुणांबरोबर गतीवरही होते. १२० श्रेयांकांची पदवी जास्तीत जास्त १८० श्रेयांकांच्या प्रयत्नांत पूर्ण व्हावी, म्हणजे घेतलेल्या श्रेयांकांपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण व्हावेत, अशी अपेक्षा असते. आजारपणामुळे ३० पैकी १८ श्रेयांकच पूर्ण करू शकलेला विद्यार्थी, त्या अठरांत उत्तम गुण मिळवूनही, 'असमाधानकारक' ठरू शकतो. अपिलाची तरतूद अनेक संस्थांत आहे. पण प्रथम दोषी ठरविणारा शब्द येतो आणि नंतर खुलासा मागितला जातो.

'अर्न्ड' आणि 'अनअर्न्ड' या संज्ञाही अशाच आहेत. सत्राचा ६० टक्के काळ लोटण्यापूर्वी शिक्षण सोडणाऱ्याने जितके दिवस काढले, तितक्या प्रमाणातच साहाय्य त्याने 'कमावले' असे मानले जाते. शंभर दिवसांच्या सत्रात चाळिसाव्या दिवशी सोडल्यास ६० टक्के रक्कम 'न कमावलेली' ठरते. ती परत गेल्यावर शिक्षणशुल्काची थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर येऊ शकते. गरज म्हणून दिलेली रक्कम अशा रीतीने मागाहून मजुरी ठरते.

परतफेडीच्या टप्प्यावर 'फोरबेअरन्स' हा शब्द भेटतो. मूळ अर्थ सहनशीलता, धीर. या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सहनशीलता शासनाची, वाढता भार ऋणकोचा. त्यानंतर 'फर्गिव्हनेस', म्हणजे क्षमा. सार्वजनिक सेवेत असणाऱ्यांसाठी २००७ साली केलेल्या तरतुदीनुसार १२० 'क्वालिफाइंग' हप्त्यांनंतर उरलेले कर्ज माफ व्हावयाचे होते. २०१८ च्या मध्यापर्यंत आलेल्या पहिल्या अर्जांपैकी सुमारे ९९ टक्के फेटाळले गेले. यांत दहा वर्षे अद्याप न भरलेले अर्जदारही होते. तथापि कर्ज कोणत्या प्रकारचे आणि परतफेडीची योजना कोणती, यांवर 'क्वालिफाइंग' या विशेषणाचा अर्थ अवलंबून आहे, हे अनेकांना फार उशिरा कळले.

५. मराठी अनुवादाची कसोटी :

परिभाषा परक्या भाषेत नेली की तिचे सांधे दिसू लागतात. 'फर्गिव्हनेस'साठी मराठीत 'माफी' हा शब्द चटकन सुचतो. परंतु कर्ज काढणे हा अपराध नसेल, तर माफी कशाची? महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देताना 'कर्जमुक्ती' हा शब्द निवडला, तो या संदर्भात आठवतो. माफीत देणारा मोठा होतो, मुक्तीत घेणारा मोकळा होतो. 'अवॉर्ड लेटर'चा अनुवाद 'पुरस्कारपत्र' असा केला तर मराठी वाचक हसेल. त्या हसण्यातच मूळ संज्ञेची चिकित्सा सामावलेली आहे.

या परिभाषेचा मराठी कुटुंबांशी प्रत्यक्ष संबंधही येतो. 'एलिजिबल नॉनसिटिझन' या संज्ञेत कायम निवासी व निर्वासित येतात, मात्र एफ-१, एच-१बी वा एच-४ व्हिसाधारक येत नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रात जन्मलेले आणि एच-४ व्हिसावर असलेले मोठे अपत्य अपात्र, तर अमेरिकेत जन्मलेले धाकटे अपत्य अर्ज करण्यास पात्र, अशी स्थिती एकाच छपराखाली उद्भवते. घर एक, उत्पन्न एक, पण संज्ञा दोन.

समारोप :

हजारो महाविद्यालयांना एकच कायदा लागू करावयाचा तर काटेकोर संज्ञा अपरिहार्य आहेत, हा प्रशासनाचा युक्तिवाद ग्राह्य आहे. सैल भाषेतून मनमानी जन्मते. उदाहरणार्थ, उत्पन्न घटल्यास 'स्पेशल सर्कमस्टन्सेस' आणि पालकांशी संबंध तुटल्यास 'अनयूज्युअल सर्कमस्टन्सेस' असा भेद नव्या कायद्याने केला. सामान्य वाचकास हे शब्द समानार्थी वाटतात. पण या भेदामुळे अधिकाऱ्याचा विवेकाधिकार स्पष्ट झाला, हे मान्य करावे लागते. आक्षेप काटेकोरपणावर नाही. रोजच्या भाषेतील उबदार शब्द घ्यावयाचा, त्याचा अर्थ बदलावयाचा, परंतु त्याची ऊब मात्र तशीच ठेवावयाची, या पद्धतीवर आहे.

या पद्धतीची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्या घरात आधीची पिढी महाविद्यालयात गेलेली असते, तेथे 'अवॉर्ड' म्हणजे कर्जही असू शकते हे सांगणारे कोणी तरी असते. ज्या घरातून पहिलाच मुलगा वा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढत असते, तेथे त्या पत्रावर विश्वास ठेवला जातो. ज्यांच्यासाठी १९६५ चा कायदा झाला, तेच त्याच्या शब्दांत सर्वाधिक अडकतात. म्हणून कर्जाला कर्ज म्हणणे, अंदाजाला अंदाज म्हणणे आणि माहिती देणाऱ्यास माहिती देणारा म्हणणे, ही केवळ शैलीची सुधारणा ठरत नाही. साहाय्याचे खरे वाटप त्या शब्दांपासूनच सुरू होते.